बिनड्रायव्हरच्या गाडीची मास्तरीण

रत्नागिरीत शिरगावच्या अंगाला कुणाही बाईला विचारा की बाई, गाडी कुठे शिकलीस, तर दहातल्या सातजणी एकच नाव घेतील. हफीजाचाची. पूर्ण नाव हफीजा अहमद होडेकर. वय बावन्न, अंगाने सडसडीत, डोक्यावरची ओढणी दोन पिना लावून घट्ट केलेली आणि पायात पातळ तळव्याची सपाट चप्पल. जाड तळव्यातून ब्रेकचं मन कळत नाही, असं तिचं ठाम मत. उंच टाचा घालून शिकायला आलेल्या मुलीला ती सरळ अनवाणी बसवायची.

चाची स्वतः गाडी शिकली ती योगायोगानेच. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. नवरा अहमद कुवेतला बंदरावर क्रेन चालवायचा. घरात म्हातारे आईवडील, दवाखान्याची ये-जा, म्हणून त्याने जुनी चारचाकी घ्यायला लावली. चालवणार होता धाकटा भाऊ हाशिम. मंगळवारी गाडी दारात आली आणि शुक्रवारी हाशिमचा कतारचा व्हिसा आला. तो गेला, गाडी राहिली. चार महिने अंगणात नुसती उभी. सासूबाई बॉनेटवर आमसुलं वाळत घालायच्या, खाली कोंबड्या अंडी घालायच्या. एक दिवस हफीजा सासूला म्हणाली, "अम्मी, ह्याच्यापेक्षा मीच शिकते." सासूबाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "शीक. पण आधी आमसुलं काढ."

शेजारी महिपतमामा राहायचे. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, सगळे घाट पाठ असलेले. ते तिला रोज सकाळी गावाबाहेर सड्यावर न्यायचे. काळ्या कातळाचं ते मोकळं पठार, झाड नाही, कुंपण नाही, धडकायचं म्हटलं तरी काही सापडायचं नाही. मामा बाजूला बसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. "तू चालव," म्हणायचे, "ज्या दिवशी मी घोरेन, त्या दिवशी तू पास." सदतिसाव्या दिवशी मामा घोरले. हफीजाला इतका आनंद झाला की त्यांना उठवायला नको म्हणून ती तासभर गोल गोल फिरवतच राहिली.

मग गल्लीतल्या बायका यायला लागल्या. कुणाचा नवरा दुबईला, कुणाचा बोटीवर, कुणाचा मुंबईला; दारात गाडी आणि चालवायला माणूस नाही, अशी घरं थोडी नव्हती. एकीला शिकवलं, दुसरीला शिकवलं, आणि बघता बघता गेटवर पाटी लागली, 'हफीजा मोटर ट्रेनिंग'. त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एकच अपघात, तोही गवताच्या उडवीला, आणि उडवीच्या मालकाने नुकसानीऐवजी आपल्या सुनेला फुकट शिकवून घेतलं.

तिच्या शिकवण्यात एक गोष्ट वेगळी होती. गिअर, क्लच हे चार दिवसांत आटपायचं. खरं शिक्षण त्यानंतर. "गाडी हातापायांनी चालत नाय गो, नजरेनं चालते," ती सांगायची. "गाय आडवी आली तर तिच्या शेपटीकडून जा, गाय मागे फिरत नाय. कोंबडीचा काय भरवसा नाय, ती अर्ध्यातून परतते. बकरी एक दिसली तर थांब, मागे सहा असतात. आणि चेंडू आला तर चेंडूकडे बघूच नको, चेंडू आला तिकडे बघ."

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी नुकतीच सरली होती, तेव्हा समीक्षा तिच्याकडे आली. इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. उंच, चष्मेवाली, बोलताना हात फार हलवणारी. बरोबर सर्वेश नावाचा तिचा वर्गमित्र होता. तो अजिबात बोलत नव्हता, फक्त मागच्या अंगणात मांडवाखाली उभ्या असलेल्या चाचीच्या जुन्या शिकाऊ गाडीकडे टक लावून बघत होता.

"चाची, ती गाडी आम्हाला द्याल?" समीक्षाने एका दमात सांगून टाकलं. "राज्यभरातल्या कॉलेजांची स्पर्धा आहे. बिनड्रायव्हरची गाडी बनवायची. मोठं बक्षीस आहे. फायनल फेब्रुवारीत, साताऱ्याच्या पलीकडे एका माळावर. आमच्याकडे कॅमेरे आहेत, मोटरी आहेत, प्रोग्रॅम आहे. गाडीच नाहीये."

अहमद ओट्यावर बसून नारळ सोलत होता. कुवेतहून कायमचा परतून त्याला सहा वर्षं झाली होती आणि घरातल्या प्रत्येक व्यवहारात एक वाक्य टाकण्याचा हक्क तो सोडत नसे. "गाडी चालवायला ड्रायव्हरच नाय, मग बक्षीस कोणाला देतील?" त्याने विचारलं.

चाचीने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. "दुनियेत इतक्या गाड्या. माझीच का?"

पहिल्यांदाच सर्वेश बोलला. "तुमच्या गाडीला दोन ब्रेक आहेत."

ते खरंच होतं. शिकवणाऱ्याच्या पायाशी, डाव्या बाजूला, क्लच आणि ब्रेकची दुसरी जोडी असते. स्पर्धेचा नियम असा होता की ड्रायव्हरची जागा मोकळी असली तरी गाडीत एक अनुभवी माणूस बसलाच पाहिजे आणि त्याच्या पायाशी ब्रेक पाहिजे. त्याने ब्रेक दाबला की संघाचे वीस गुण कमी. दोनदा दाबला तर चाळीस. तीनदा दाबला तर घरी जा.

चाची उठली, गाडीजवळ गेली, बॉनेटवरची पानं हाताने झाडली. या गाडीत तिने अकराशे माणसं शिकवली होती. मग म्हणाली, "देते. पण बाजूला मी बसणार. माझ्या गाडीत माझ्याशिवाय कोणी आजवर शिकलेला नाय."

"आम्ही तेच विचारायला आलो होतो," समीक्षा म्हणाली आणि आनंदाने तिने दोन्ही हात असे उडवले की ओट्यावरचा अहमदचा चहाचा कप गेला.

पहिले दोन महिने बिनड्रायव्हरचं काहीच झालं नाही. गाडीच्या टपावर चार कॅमेरे आणि एक गरगर फिरणारं यंत्र बसवलं, त्याला अहमद पेढ्यांचा डबा म्हणायचा. चाचीने फक्त नेहमीसारखी गाडी चालवायची. बाजारातून, मिरकरवाड्याच्या मासळीच्या गर्दीतून, बसणी-काळबादेवीवरून आरे-वारेच्या वळणांपर्यंत. ती कधी वळते, कधी दबकते, किती आधी ब्रेकवर पाय नेते, ते सगळं मागे बसलेल्या सर्वेशच्या लॅपटॉपवर साठत जायचं. गाडी ते बघून शिकणार, असं समीक्षाने समजावलं.

"म्हणजे महिपतमामांनी मला शिकवला तसा नाय," चाची म्हणाली. "मी आईला भाकरी थापताना बघून शिकले, तसा."

"अगदी तसंच," समीक्षा म्हणाली, आणि मनात म्हणाली की सरांना दोन तास लागले होते हे सांगायला.

जानेवारीत गाडी पहिल्यांदा एकटी सोडली. रस्त्यावर नव्हे, कायद्याने ती परवानगी नव्हती. त्याच सड्यावर, जिथे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मामा घोरले होते. मुलांनी चुन्याने रस्ते आखले होते, डबे ठेवून वळणं केली होती. चाची डाव्या बाजूला बसली, उजवी जागा रिकामी. सर्वेशने बटण दाबलं. स्टिअरिंग आपोआप थरथरलं, गाडी निघाली, आणि नाक समोर ठेवून तिरकी तिरकी चालत थेट डब्यांच्या रांगेत घुसली.

"कुर्ली झाली गो ही!" चाची ओरडली. कुर्ली म्हणजे खेकडा. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून गाडीचं नाव कुर्ली पडलं. स्पर्धेच्या कागदावरही तेच गेलं.

त्या दिवशी चाचीने अकरा वेळा ब्रेक दाबला. दुसऱ्या दिवशी नऊ वेळा. आठवड्याने गाडी सरळ चालायला लागली, वळायला लागली, डबा दिसला की थांबायला लागली, तरी चाचीचे ब्रेक काही चारच्या खाली येईनात. सर्वेश वहीत आकडा लिहायचा आणि काही बोलायचा नाही. शेवटी समीक्षानेच विषय काढला. दोघी सड्याच्या कडेला कातळावर बसून अहमदने पाठवलेल्या सांदणांचा डबा खात होत्या.

"चाची, रागावू नका. आज शेवटच्या दोन वेळा कुर्ली स्वतःच थांबणार होती. तुम्ही आधी दाबलात."

"थांबली नसती तर?"

"नसती थांबली तर डब्याला धडकली असती. डबाच आहे तो. पण तुम्ही दाबलात की आम्हाला कळतच नाही, तिला आलं होतं की नव्हतं."

चाचीचं सांदण हातातच राहिलं. हेच, अगदी हेच ती नव्या शिकवणाऱ्यांना सांगायची. तिच्या हाताखाली शिकवायला लागलेल्या नबीलाला तर तिने एकदा झापलं होतं की सारखा पाय मारशील तर तुझी शिष्या जन्मभर शिकाऊच राहील. माणसांच्या बाबतीत तिला ते जमत होतं. समोरच्याचा चेहरा दिसायचा, श्वास ऐकू यायचा, घाबरलेला हात स्टिअरिंगवर कसा आवळतो ते कळायचं. इथे चेहराच नव्हता. रिकाम्या सीटवर भरवसा ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

"उद्यापासून मला तिचा आवाज शिकव," ती समीक्षाला म्हणाली.

"आवाज?"

"थांबायच्या आधी ती काय करते ते. काहीतरी करत असेलच ना."

आणि खरंच करत होती. ब्रेक ओढणारी एक छोटी मोटर होती, ती गाडी थांबायच्या आधी अर्धा सेकंद बारीक कुणकुणायची. समीक्षाने आणि सर्वेशने तो आवाज रोज ऐकला होता आणि कधी ऐकलाच नव्हता. चाचीने डोळे मिटून तीन फेऱ्या मारल्या आणि तो पकडला. चौथ्या फेरीला तिने दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घातली. कुर्ली सगळ्या डब्यांपुढे थांबली. सर्वेशने वहीत मोठं शून्य काढलं आणि चाचीला दाखवलं. तोपर्यंतचं त्याचं हे सगळ्यात लांब भाषण होतं.

आता एक घोटाळा राहिला होता. सड्यावर एका ठिकाणी, काही कारण नसताना, कुर्ली हळू व्हायची. रोज नाही, अधूनमधून. मुलांनी तीन दिवस प्रोग्रॅम उलटा-पालटा केला. सावली म्हणावी तर सावली नाही, खड्डा म्हणावा तर खड्डा नाही. एक दिवस अहमद डबा घेऊन स्वतः सड्यावर आला, तेवढ्यात गाडी तशीच हळू झाली. तो बघत राहिला आणि सहज म्हणाला, "अगदी हिच्यासारखी करते. दर्ग्याजवळ ही अशीच हळू होते."

"मी?" चाची म्हणाली. "कधी?"

"सुट्टीवर यायचो तेव्हापासून बघतोय. वळणावर दर्गा आला की पाय उचलतेस, सलाम करतेस, मग पुढे."

चाचीचा हात तोंडावर गेला. तिला स्वतःला हे ठाऊकच नव्हतं. सर्वेशने जुनी चित्रं काढून बघितली. बरोबर होतं. दर्ग्याच्या बाजूला हिरवा झेंडा होता, आणि सड्यावर मुलांनी एका काठीला हिरवं प्लास्टिक बांधलं होतं, वाऱ्याने ते फडफडलं की कुर्ली अदबीने हळू व्हायची. समीक्षा कातळावर बसून हसायला लागली ती थांबेचना. "ठेवू या तसंच," ती म्हणाली. "आपल्या गाडीला वळण चांगलं आहे."

ते तसंच ठेवलं, आणि तिथेच ते फसले.

फायनलच्या आदल्या दिवशी ते आंबा घाट चढून, कराडवरून सातारा मागे टाकून त्या माळावर पोहोचले. कुर्ली टेम्पोतून आली. एका बंद पडलेल्या कारखान्याचे रस्ते स्पर्धेसाठी घेतले होते. रस्त्यात पुठ्ठ्याच्या गाई, दोरीने ओढायच्या बाहुल्या, मधेच अंगावर येणारे चेंडू, चौक, सिग्नल, शेवटी गाडी मागे घेऊन दोन खांबांच्या मधे लावायची. चौदा संघ आले होते. काहींच्या गाड्या अशा चकाचक की चाची त्यांच्याभोवती ओढणी सावरत, हात मागे बांधून फिरली, नव्या नवरीकडे बघावं तशी.

सरावाची फेरी सुरू झाली. एक माणूस पुढे आला आणि त्याने निघण्याची खूण म्हणून हिरवा झेंडा फडकवला. कुर्ली जागची हलेना. त्याने पुन्हा फडकवला. कुर्ली चार बोटं पुढे सरकली आणि अदबीने थांबली. आजूबाजूचे संघ हसायला लागले. समीक्षाच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"सलाम करतेय ती," चाची हळूच म्हणाली.

मुलं कामाला लागली. दर्ग्याच्या वळणाची सगळी चित्रं शोधून वगळायची, गाडीला पुन्हा शिकवायचं. सर्वेश लॅपटॉप घेऊन बसला आणि समीक्षा त्याच्या बाजूला बसून एकेक चित्र तपासत गेली. चाचीला थोडं वाईट वाटलं. तिने समीक्षाला विचारलं, "म्हणजे आता ती सलाम विसरेल?"

"विसरेल, चाची."

"मग राहू दे. तिच्या वाटचा मी करेन." आणि ती मुलांसाठी चहा आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी कुर्लीचा नंबर नववा. ऊन चांगलं वर आलं होतं. तोपर्यंत विदर्भातल्या एका कॉलेजची गाडी एकही चूक न करता पुरी फेरी करून आली होती, बाकीच्यांच्या गाड्या कुठे ना कुठे अडकल्या होत्या. एकीने तर पुठ्ठ्याची गाय बरोबर घेऊन चौकापर्यंत मिरवली होती. चाची डाव्या बाजूला बसली, चपला काढून मागे टाकल्या आणि उजवा पाय ब्रेकच्या वर बोटभर अंतरावर धरला. तोंडाने बिस्मिल्ला म्हटलं. हिरवा झेंडा फडकला. कुर्ली निघाली.

पहिला चौक पार. सिग्नलला थांबली, हिरवा झाला, निघाली. पुठ्ठ्याच्या गाईला शेपटीकडून वळसा घालून गेली, तेव्हा कडेला उभी असलेली समीक्षा नाचली. प्रत्येक वळणाआधी कुर्लीने हॉर्न वाजवला, कारण कोकणातल्या वळणांवर चाची वाजवते, आणि परीक्षक एकमेकांकडे बघून हसले. चेंडू आला, कुर्ली थांबली, मागून बाहुली आली, ती जाईपर्यंत थांबून राहिली. चाचीचा पाय बोटभर वरच होता. पोटरीला कळ लागली होती.

शेवटच्या सरळ पट्ट्यावर रस्त्याच्या कडेला दोरी बांधलेली होती. त्या दोरीखालून वाकून, डोक्यावर हिरव्या गवताचा भलामोठा भारा घेतलेली एक बाई सरळ रस्त्यात आली. ती स्पर्धेतली नव्हती. तिच्या रानातून घरी जायची वाट तिथूनच होती, आणि दोरी बांधताना तिला कुणी विचारलं नव्हतं. भाऱ्याने तिचं तोंड झाकलं होतं, तिला गाडी दिसतच नव्हती. समोरून पाहिलं तर एक झुडूप चालत येतंय असं वाटावं.

चाचीचा पाय खाली निघाला. पंचवीस वर्षांचा पाय, तो विचारून निघत नाही. आणि त्याच क्षणी तिने ती कुणकुण ऐकली. बारीक, डासाएवढी. पाय ब्रेकला टेकायच्या आधी केसभर अंतरावर थबकला. कुर्लीने दाबून ब्रेक घेतला आणि बाईपासून चार पावलांवर उभी राहिली.

चाचीने श्वास सोडला. तिला एकदम उमगलं. अशी भारेवाली बाई कुर्लीने शंभरदा बघितली होती. बसणीच्या रस्त्याला दिवाळीनंतर दुसरं असतं काय?

बाईने भारा कलता करून बघितलं. मोठी हिंमतवान बाई. पळायच्या ऐवजी तरातरा ड्रायव्हरच्या खिडकीपाशी आली. "डोळं फुटलं का रं तुझं? दिसत न्हाई व्हय—" आणि वाकून बघितलं तर आत कुणीच नाही. तिने पलीकडे बसलेल्या चाचीकडे बघितलं. "आगं बया! डायवर कुठं गेला?"

"ड्रायव्हर नाय," चाची म्हणाली. "गाडी आपली आपणच चालते."

"आन तू काय करतीस मग?"

"मी बसलेय."

बाईने क्षणभर विचार केला. "माझ्या घरात बी असंच हाय," ती म्हणाली. "समदं आपलं आपन चालतंय आन मालक बसल्यात."

चाची इतकी मोठ्याने हसली की परीक्षकांनी गाडीत लावलेल्या माईकवरून सगळ्या माळाने ते ऐकलं. "नाव काय गो तुझा?"

"यमुनाबाई."

"यमुनाबाई, एक काम कर. तू आता पलीकडे जा. तू हलल्याशिवाय ही हलणार नाय, आणि माझ्या पोरांची वेळ चाललीय."

"जाते की. पर ही मागनं यायची न्हाई ना अंगावर?"

"नाय येणार. मी शिकवलीय."

यमुनाबाई गेली, पण सावकाश, दोनदा मागे वळून बघत. ती दोरीपलीकडे पोचल्यावर कुर्लीने एकदा हॉर्न वाजवला आणि पुढे निघाली. शेवटी दोन खांबांच्या मधे मागे गेली ती अशी नेमकी, की आरटीओचा साहेबही काही बोलला नसता. ब्रेक एकदाही दाबला गेला नव्हता. पण फेरीची ठरलेली वेळ संपून सव्वा मिनिट झालं होतं.

परीक्षकांची बैठक बसली. मुख्य परीक्षक, एक निवृत्त इंजिनिअर, स्वतः संघाकडे आले. म्हणाले, झाला प्रकार आमच्या चुकीने झाला, हवी तर पुन्हा एक फेरी देतो, पण मग पहिलीचे गुण धरणार नाही. सर्वेश लगेच म्हणाला, "घेऊ या." समीक्षा चाचीकडे वळली.

"स्पर्धा तुमची आहे," चाची म्हणाली. "तुम्ही ठरवा."

समीक्षाने सर्वेशला बाजूला नेलं. बराच वेळ दोघांचं काहीतरी चाललं, ती हात हलवत होती आणि तो नुसती मान. मग ती परत आली आणि साहेबांना म्हणाली, "पुन्हा नको. पुन्हा धावली तर पुठ्ठ्याच्याच गाई बघेल. आज ती खऱ्या माणसासमोर थांबली, तीच फेरी आमची."

वेळेचे गुण गेले. पहिलं बक्षीस विदर्भाच्या गाडीला मिळालं, आणि ते योग्यच होतं. कुर्लीला दुसरं. बक्षीस घ्यायला समीक्षाने चाचीला ओढत मंचावर नेलं. चाची अनवाणीच होती, चपला गाडीत राहिल्या होत्या. तिथे एका बातमीदाराने तिला विचारलं, "मॅडम, उद्या सगळ्याच गाड्या अशा झाल्या तर तुमची शाळा बंद पडेल. भीती नाही वाटत?"

"पडू दे," चाची म्हणाली. "मग मी मागच्या सीटवर बसेन. आरे-वारेच्या रस्त्याने इतकी वर्षं जातेय, पण समुद्र नीट बघितलाच नाय. नजर कायम रस्त्यावर."

टाळ्या पडल्या. पहिल्या आलेल्या संघाची मुलं नंतर तिच्याकडे आली आणि कोंबडी, गाय, बकरी असं सगळं वहीत लिहून घेऊन गेली. तिनेही हातचं न राखता सांगितलं, फक्त जाताना बजावलं की विदर्भातली कोंबडी वेगळी असू शकते, घरी जाऊन बघा.

उन्हाळ्यात समीक्षाला पुण्याला नोकरी लागली, गाड्यांच्याच कारखान्यात. सर्वेश पुढे शिकायला गेला. कॉलेजने चाचीला पत्र पाठवलं की दर शनिवारी मुलांना रस्त्याबद्दल शिकवायला या, आणि कुर्ली आमच्याकडे काचेच्या खोलीत ठेवायला द्या. पहिलं तिने आनंदाने कबूल केलं. दुसऱ्याला नाही म्हणाली. "गाडी उभी राहिली की टायर बसतात," तिने कळवलं. सर्वेश जायच्या आधी एक दिवस येऊन कॅमेरे, मोटरी आणि पेढ्यांचा डबा काढून घेऊन गेला. भोकं राहिली तिथे अहमदने स्टिकर चिकटवले.

जूनमध्ये संगमेश्वराकडून सोनूबाई नावाची एक बाई शिकायला आली. वय एकसष्ट. मुलाने मुंबईहून गाडी आणून दारात ठेवली होती आणि स्वतः वर्षातून दोनदा यायचा. सोनूबाईने कुर्लीच्या ड्रायव्हरच्या जागेवर बसून लुगडं नीट केलं, स्टिअरिंगला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"हीच ना ती, पेपरात आलेली? आपली आपण चालणारी?"

"हीच."

"मग मी काय करू?"

"ती आता सगळा विसरलीय," चाची डाव्या बाजूला बसत म्हणाली. "आता तुमची पाळी. चपला काढा."